हिसका नव्हे, ओढ

देवराम,

तुमचं पाकीट अजून माझ्याकडेच आहे. टेबलाच्या खणात, विजेच्या बिलांखाली. रविवारी येतो म्हणाला होतात. त्यानंतर किती रविवार गेले ते मी मोजलेलं नाही. तुमचा फोन लागत नाही असंही मी म्हणणार नाही, कारण मी तो लावलेलाच नाही. तुम्ही आला नाहीत आणि मी बोलावलं नाही, तेव्हा दोष निम्मा निम्मा धरू.

पाकिटातली चिठ्ठी चार ओळींची आहे. आज ती पुन्हा वाचली आणि माझाच मला राग आला. चार ओळींत ते बसतच नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं आहे. एक आधीच सांगून ठेवते. इथून पुढे तुम्ही 'तुम्ही' राहणार नाही, 'तो' व्हाल. गोष्टीत शिरलं की माणसाचा मान असाच जातो. माझाही जाईल. तुम्ही हाक मारता तशी मी नुसती 'बाई' होईन. जिथे मला माहीत नाही तिथे मी अंदाजाने लिहिणार आहे. चुकलं तर येऊन सांगा. तेवढ्यासाठी तरी या.

देवरामला लोक झाडं तोडणारा म्हणत आणि त्याला ते लागत असे. "तोडणारे वेगळे, मी छाटतो," तो सांगायचा. ऐकणाऱ्याला फरक कळत नसे, आणि देवराम समजावत बसणारा माणूस नव्हता. तो आपला झाडावर चढायचा.

फरक असा होता. तोडणारा वरून घाव घालतो. फांदी वजनाने वाकते, मोडते, आणि जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. ती जखम झाड जन्मभर वागवतं. देवराम आधी फांदीला खालून चीर द्यायचा, मग थोडं पुढे जाऊन वरून कापायचा. फांदी सुटली की उरलेला खुंट शेवटी काढायचा. तोही खोडाला घासून नव्हे. फांदीच्या मुळाशी सुरकुतलेल्या कातडीसारखी एक कडी असते, ती राखून. कडी राहिली की झाड आपली जखम आपण भरतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. पहिली दोन वर्षं वाईट कापलेल्या झाडांखालून तो पुन्हा पुन्हा जायचा आणि वर बघायचा. त्यातून शिकला.

राहायला शहाडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, चाळीत. बाप नगरकडून कारखान्यात आलेला. देवराम सातवी झाला आणि शाळेपेक्षा शाळेसमोरच्या चिंचेवर जास्त दिसायला लागला. पुढे भगवान नावाच्या ठेकेदाराने त्याला एकदा नारळावर चढताना पाहिलं आणि त्याच्या आयुष्याचं ठरून गेलं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सोसायट्यांची झाडं, पालिकेच्या परवानगीचा कागद भगवानच्या खिशात आणि देवराम वर. फेब्रुवारी ते मे दम घ्यायला फुरसत नाही, आणि पाऊस लागला की नुसत्या पडलेल्या फांद्या उचलायच्या.

भगवानने त्याच्याकडे उंबर आणि पिंपळ आवर्जून दिले. बाकीचे गडी त्या झाडांना हात लावायला कचरायचे. कुणाला मुंजा दिसायचा, कुणाच्या चुलत्याला म्हणे उंबरावर कोयता घातल्यावर ताप भरला होता. देवराम बौद्ध. त्याच्या घरात मुंजाला जागाच नव्हती.

"तुला भीती नाय वाटत?" गडी विचारायचे.

"वाटते की. मुंगळ्यांची."

फांदी दोराला बांधून खाली उतरवायची असते. झाडाखाली गाड्या असतात, पत्रे असतात, कुणाची तुळस असते. दोर वरच्या बेचक्यातून घ्यायचा, एक टोक फांदीला, दुसरं खालच्या माणसाच्या हातात. खालचा माणूस हाच खरा. वरचा चुकला तर एकटा पडतो, खालचा चुकला तर काहीही होऊ शकतं.

पहिल्याच वर्षी एका सकाळी खालचा गडी आला नाही. शांताबाई, देवरामची बायको, डबा घेऊन आली होती. डबा द्यायचा आणि कल्याणला बहिणीकडे जायचं, असा तिचा बेत.

"जरा धरतेस का?" देवराम म्हणाला.

"किती वेळ?"

"एक फांदी."

ती पुढे तेवीस वर्षं धरून राहिली.

शांताबाई अंगाने काटकुळी. जोराने दोर धरणं तिला शक्य नव्हतं हे तिला पहिल्या मिनिटातच कळलं. तिने दोराचे शेजारच्या अशोकाच्या खोडाभोवती दोन वेढे दिले आणि टोक हातात ठेवलं. वजन सगळं अशोकावर, तिच्या हातात फक्त लगाम. फांदी पाळण्यातल्या पोरासारखी खाली आली. भगवान बघत उभा होता. म्हणाला, "देवराम, बायकोला खाली उभं करून स्वतः वर चढलास? लाज आहे का?"

शांताबाईने मान वर न करता उत्तर दिलं, "वर गेलेल्याला खाली आणायचं काम बायकांचंच असतं, शेठ."

भगवान हसला. दुसऱ्या दिवशीपासून तिची हजेरी लागली.

पानांच्या आत शिरलेला माणूस खालून दिसत नाही. रस्त्याकडेला ओरडून ऐकू जात नाही. म्हणून दोघांनी दोरालाच बोलायला लावलं. वरून दोन हिसके म्हणजे ढील दे. तीन म्हणजे मोकळा दोर, करवत बांधून पाठव. लांब ताण म्हणजे थांब, जशी आहेस तशी. एक हिसका त्यांनी मुद्दाम ठेवला नव्हता. एक हिसका चुकूनही बसतो, फांदीत दोर अडकला तरी बसतो. त्यावर काम ठेवायचं नाही, हे शांताबाईचं म्हणणं.

पण एकाचाही उपयोग निघाला. फार वेळ वरून काही आलं नाही की ती दोराला एकदा हलकेच ओढायची. कामाचं काही नाही. आहात ना? देवराम वरून तसंच एकदा ओढायचा. आहे. बस. तो घरी एकदा म्हणाला, "तू मधेच हिसका देतेस त्याने माझं लक्ष जातं." ती म्हणाली, "हिसका कुठे देते? ओढते." तेव्हापासून दोन शब्द झाले. हिसका कामाचा, ओढ तिची.

मोठ्या पिंपळावर दिवसभरात अशा दहा-पंधरा ओढी व्हायच्या. खाली उतरल्यावर दोघं त्याबद्दल बोलत नसत. डबा खायचे.

शांताबाई पोटाच्या दुखण्याने गेली. दुखणं कळल्यापासून सहा आठवडे. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिने त्याला विचारलं, "आता खाली कोण?" तो म्हणाला, "मिळेल कुणीतरी." ती म्हणाली, "वेढे दोन द्यायला सांगा. एक पुरत नाही." ह्यापेक्षा मोठं काही त्यांच्यात बोलणं झालं नाही. झालं असेल तर बाईंना माहीत नाही.

मुलगी वैशाली कल्याणला, लॅबमध्ये नोकरीला. ती म्हणाली, "पप्पा, आता बास करा. माझ्याकडे या." देवराम दोन दिवस जाऊन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीतून सोसायटीचा गुलमोहर दिसत होता. कुणीतरी वरून घाव घालून सोललेला. त्याला तिथे बसवेना.

मग खालचे गडी आले आणि गेले. एक जण फोनवर बोलता बोलता दोर धरायचा. दुसरा चांगला होता, पण उंबर म्हटलं की त्याची आई आजारी पडायची. देवराम दोर दोन-दोन वेळा स्वतःच खोडाला बांधून, खाली उतरून, सोडून, पुन्हा चढून एकट्याने काम करायला लागला. एका फांदीला दीड तास. भगवान म्हणाला, "असं नाय चालायचं. तुला माणूस पाहिजे. नायतर तू जमिनीवरची कुंपणं काप."

आणि मग पोपट आला.

पोपट खडवलीचा. चाळिशी ओलांडलेला, बुटका, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. आधी इमारतींना रंग देणाऱ्यांच्या टोळीत होता, झुल्याचा दोर धरायला. वीस मजल्यांवरच्या रंगाऱ्याला त्याने बारा वर्षं वरखाली केलेलं. हाताला दोर माहीत होता. देवरामने दोन वेढे दाखवले. तो म्हणाला, "हे बरंय दादा. आमच्याकडे कंबर मोडायची."

"आमच्याकडे हिसके दोन. दोन म्हणजे सोड."

"आमच्या झुल्याला एक होता. एक म्हणजे सोड."

"एक विसर. इथे एक नाहीच."

"विसरलो," पोपट म्हणाला.

दीड मोसम त्याने ते पाळलं. देवरामचे दिवस थोडे बरे झाले होते. पोपट घरून वालाची भाजी आणायचा आणि निम्मी बळजबरीने त्याच्या डब्यात टाकायचा. "दादा, तुमचा डबा बघून झाड सुकेल," म्हणायचा. देवराम हसायचा. हे बाईंनी स्वतः पाहिलेलं आहे. डोंबिवलीला त्यांच्या खिडकीसमोरचं जांभूळ त्या वर्षी दोघांनीच छाटलं होतं.

मग मे महिन्यात ठाण्यातल्या बाळकुमचा उंबर आला.

बाळकुम गाव होतं तेव्हाचं ते झाड. आता त्याच्या चहूबाजूंनी टॉवर, आणि झाड कॉम्प्लेक्सच्या फाटकाशी उभं. त्याच्या एका मोठ्या फांदीखाली वॉचमनची केबिन, वर पत्रा. फांदी धोक्याची झाली होती, कागद निघाला होता. केबिनमध्ये चांगदेव नावाचा वॉचमन. देवरामने त्याला दोनदा उठवून बाहेर काढलं, आणि दोनदा तो परत आत जाऊन बसला.

"मी जागेवर दिसलो नाही की साहेब लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात," तो म्हणाला. "फांदी पडली तर तुमच्यावर जाईल. मी उठलो तर माझ्यावर."

देवराम वर गेला. बेचका निवडला, दोर घेतला, फांदी बांधली. खालून चीर, वरून काप. फांदी सुटली आणि दोरावर तोलली, केबिनच्या वर, पत्र्यापासून बारा-पंधरा फुटांवर. आता ती बागेच्या बाजूला झुकवायची आणि मग दोन हिसके. पण तिची एक डहाळी दुसऱ्या फांदीत अडकली होती. देवराम ती सोडवायला सरकला. एक हात डहाळीत, एक बेचक्याशी दोरावर. चीक हातावर सुकत होता. पानांतून खालचं काही दिसत नव्हतं. फाटकाबाहेर सिमेंटचा मिक्सर फिरत होता. पाच मिनिटं गेली, सात गेली.

तेवढ्यात दोर एकदा, हलकेच, ओढला गेला.

पुढे कळलं ते असं, की पोपटच्या मनगटाला मुंगळा चावला होता आणि त्याने हात आखडला होता. पण वर देवरामच्या हाताला जे लागलं ते मुंगळ्याचं नव्हतं. त्याला विचार करायला वेळ मिळाला असता तर त्याने काही केलं नसतं. त्याच्या हाताने विचार केला नाही. त्याने एकदा, हलकेच, ओढलं. आहे.

आणि खाली पोपटच्या हातातली झुल्याची बारा वर्षं जागी झाली. एक म्हणजे सोड. त्याने सोडला.

पत्रा फाटला त्याचा आवाज मिक्सरच्याही वर ऐकू आला. देवराम कसा उतरला त्याचं त्याला आठवत नाही. केबिनच्या मधोमध फांदी उभी रुतलेली, पानं अजून हलत होती, आणि चांगदेवची प्लॅस्टिकची खुर्ची मधोमध दोन झालेली. चांगदेव पंपाशेजारच्या नळाजवळ उभा होता. हातातली बाटली भरून वाहत होती आणि तो नळ बंद करत नव्हता.

भगवान धावत आला. आधी चांगदेवला हात लावून पाहिलं, मग पोपटकडे वळला. "झोपलास काय रे? मेला असता माणूस!"

"हिसका आला शेठ," पोपट म्हणाला. "वरून आला. एक."

"एक नसतोच म्हणतोस ना तू?" भगवान देवरामला म्हणाला.

पोपट देवरामसमोर आला. "दादा, तुम्ही हिसका दिलेला ना? एकच? छोटा?"

सगळे बघत होते. दोन बायका गाड्यांतून उतरून उभ्या होत्या, कुणीतरी फोन वर धरला होता. देवरामच्या हातावर उंबराचा चीक होता आणि तो दुसऱ्या हाताने खरवडत होता.

"हिसका नाय दिला मी," तो म्हणाला.

पोपटने स्वतःचा हात उघडून बघितला. तळवा, मग मागची बाजू. "मग मला लागला कसा?" त्याने विचारलं. ते कुणाला विचारलं होतं हे कळलं नाही.

भगवानने त्याला त्याच दिवशी काढला. पत्रा दुसऱ्या दिवशी नवा बसला, खुर्ची आली, चांगदेवने काही तक्रार केली नाही. पालिकेपर्यंत गोष्ट गेली नाही. सगळ्यांच्या दृष्टीने ती मिटली.

देवराम पुन्हा एकटा झाला, आणि आता भगवानही त्याला वर चढवायला तयार नव्हता. लांब बांबूच्या टोकाला कोयती बांधलेली आकडी घेऊन तो जमिनीवरून कामं करायला लागला. कुंपणं, करंज, लहान अशोक. शहाडच्या घरात भिंतीच्या खुंटीला दोराचं वेटोळं लटकलेलं. शांताबाईच्या वेळचा आधीचा दोर त्याने मागेच कपडे वाळत घालायला लावला होता, एक टोक त्याच्या खिडकीच्या गजाला, दुसरं समोरच्या खांबाला. शेजारीण धुणं घालायची आणि खिडकीचा गज हलायचा. देवराम जेवत असला तर घास हातात धरून थांबायचा. मग जेवायचा. भात तो अजून दोन माणसांचा लावायचा आणि उरलेला सकाळी खायचा. त्यात काही दुःखाचं आहे असं त्याला वाटत नसे. त्याला एका माणसाचं माप माहीत नव्हतं, एवढंच.

डिसेंबरात भगवान बोलता बोलता म्हणाला, "तो पोपट. मी परवा त्याला झुल्याच्या टोळीत लावून देत होतो. नको म्हणाला. म्हणे हातावर भरवसा नाय. नसलेला हिसका लागतो मला, कुणाचा तरी जीव जाईल. आता वीटभट्टीवर जातो. चांगला दोरवाला होता, डोकं फिरलं."

देवरामने आकडीची कोयती सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.

फेब्रुवारीत तो डोंबिवलीला जांभळासाठी आला. बाईंनी तिसऱ्या मजल्यावरून बघितलं. खाली एकटा उभा राहून आकडीने फांद्या ओढत होता. फांदी तुटेना, पिळत होती. बाईंना धीर कमीच. त्यांनी खिडकीतून ओरडून विचारलं, "देवराम, हे काय चाललंय?"

"आकडीने होईल, बाई."

"आकडीने झाड ओरबाडलं जातं असं तुम्हीच मला सांगितलंत. एकदा नव्हे, दोनदा. वर या. चहा घ्या आणि सांगा काय झालं ते."

तो आला. मोरीत हात धुतले, तरी खुर्चीवर बसताना हात मांडीवर उलटे ठेवले.

"दोर कुठे?"

"घरी."

"आणि तो तुमचा बडबड्या? पोपट?"

देवरामने बशीत चहा ओतला, प्यायला नाही, परत कपात ओतला. मग सांगितलं. सलग नाही, मागचं पुढे, पुढचं मागे. बाईंनी तीन वेळा तोडून विचारलं म्हणून शेवटी गोष्ट सरळ झाली.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात," बाई म्हणाल्या.

"नाय. हिसका नव्हता तो."

"मग काय होतं?"

"ओढ."

"देवराम, मला मराठी शिकवू नका. दोर हलला की नाही?"

"हलला."

"कुणी हलवला?"

"मी."

"मग संपलं. त्या माणसाला वाटतंय त्याचा हात खोटं सांगतो. हात खरं सांगत होता. शहाडहून खडवली तिसरं स्टेशन. उद्या जा आणि सांगा."

देवरामने कप बाजूला सारला. "सांगेन की. हलवला म्हणून सांगेन. मग तो विचारणार, कशाला हलवलात दादा? तेव्हा?"

अडलं की बाई चिडतात. त्या म्हणाल्या, "ते सांगू नका. कारण विचारायचा त्याला काय अधिकार?"

"त्यालाच आहे," देवराम म्हणाला. "दुसऱ्या कुणाला नाय. त्याचीच भाकरी गेली." मग म्हणाला, "तुम्ही लिहून द्या, बाई. लिहिलेलं दिलं की मी उभा राहणार नाय. देईन आणि निघेन."

बाईंनी कागद घेतला. पहिल्यांदा लिहिलं, 'जुन्या सवयीने माझ्याकडून दोर ओढला गेला.' वाचून दाखवलं.

"सवय नाय ती," देवराम म्हणाला.

बाईंनी कागद फाडला. दुसऱ्यांदा लिहिलं, 'तुझ्या वहिनीच्या आठवणीने.' देवरामने मान हलवली. "हसेल."

"नाही हसणार."

"हसला नाय तर आणखी वाईट."

तिसऱ्यांदा बाईंनी कारण टाकलंच नाही. 'पोपट, त्या दिवशी दोर हलला होता. मीच हलवला होता. तुला लागलं ते खरं लागलं. तुझा हात बरोबर होता.' देवरामने कागद घेऊन बोट ठेवून वाचला, ओठ हलवत. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मग त्याने पेन मागितलं आणि खाली नाव लिहिलं, अक्षर मोठं, 'म' ओळीच्या बाहेर गेलेला.

बाईंनी पाकिटात घातलं, वर पोपटचं नाव लिहिलं. "पत्ता?"

"पत्ता नाय माहीत. घर माहीत आहे. नदीकडच्या रस्त्याला, दारात शेवगा आहे. एकदा गेलेलो."

"शेवगा हा पत्ता होत नाही. आडनाव, गल्ली, काहीतरी."

"भगवानकडे असेल. विचारून सांगतो." तो उठला. पाकीट टेबलावरच होतं. बाईंनी पुढे केलं तेव्हा त्याने दोन्ही हात दाखवले. नखांत अजून काळं होतं. "आता नको. पिशवीत कोयती आहे, चुरगळेल. रविवारी येतो, आंघोळ करून. इथूनच सरळ खडवलीला जातो."

तो येणार नाही हे बाईंना तेव्हाच कळलं होतं. पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबायला एक क्षण लागला असता. पण खाली गॅसवाला बेल वाजवत होता, आणि शिवाय बाईंना वाटलं, माणूस मोठा आहे, आपण किती ढकलायचं. त्यांनी पाकीट खणात टाकलं.

खिडकीतून त्या बघत राहिल्या. देवराम जांभळाखाली गेला, आकडी उचलली. मग ती खाली ठेवली आणि खोडावर हात टेकून वर बघत उभा राहिला. वर चढला नाही. ज्या फांदीला आकडीने पिळलं होतं तिची साल त्याने बोटांनी दाबून बसवली. थोड्या वेळाने बांबू खांद्यावर घेऊन निघून गेला.

रविवार आला. त्या रविवारी बाई साडेअकरापर्यंत घरातच होत्या. नंतरच्या रविवारीही.

पाकिटावर नाव आहे. नावाखाली बाईंनी तीन ओळींची जागा मोकळी सोडली आहे. पत्ता देवराम सांगणार होता.